चहापायी गाळलेली स्लाइड

ज्या बाईला व्याख्यान ऐकवण्यासाठी मला पुण्याहून पांढुर्ण्याला धाडलं होतं, तिलाच मी व्याख्यान सुरू होताना चहा करायला बाहेर पाठवलं.

खरं म्हणजे एवढ्या एका वाक्यात माझं प्रवासवर्णन संपतं. पण पांढुर्णा-सौंसर बाजूला फारसं कुणी फिरायला जात नाही. जातात ते संत्र्यांचे व्यापारी, आणि ते लिहीत नाहीत. म्हणून मी लिहितो.

आधी माझी ओळख. मी डॉक्टर नाही. आरोग्यविषयक एका संस्थेत चित्रं काढणं आणि ती गावोगाव दाखवणं हे माझं काम. खरूज, नारू, अतिसार असं बरंच काही मी रंगवलं आहे. एकदा मी काढलेला डास पाहून एका शाळकरी मुलीनं विचारलं होतं, हा टोळ आहे का. स्लाइड दाखवायचं यंत्र, वीस स्लाइडी आणि छापील प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी हिंडतो. लोक मला डॉक्टरसाहेब म्हणतात आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत नाही.

ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. अंगातून रक्त जाणाऱ्या विषाणूतापांची धास्ती तेव्हा आमच्या संस्थेपर्यंत पोचली होती. परदेशात अशा तापात रोग्यांमागोमाग दवाखान्यातली माणसंही गेली होती. आमचे साहेब म्हणाले, "छोट्या दवाखान्यांतल्या लोकांना याची माहिती किती, आणि रोग्याच्या रक्ताशी त्यांचा संबंध किती येतो, एवढं विचारून या. जाता जाता व्याख्यानही द्या. आणि हे बघा, ज्यांचे हात रक्तात जातात त्यांना गाठा." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी दोनदा मान हलवली होती.

पांढुर्णा, पहिला दिवस

नागपूरहून आगगाडीनं पांढुर्ण्याला उतरलो तो स्टेशनाबाहेर संत्र्यांचे ढीग. नागपुरी संत्रं म्हणून आपण पुण्यात जे खातो त्यातलं पुष्कळसं या मध्यप्रदेशी बागांतलं असतं, ही पहिली नवलाची गोष्ट. दुसरी म्हणजे मध्यप्रदेशात उतरूनही कानावर मराठी पडत होतं. मी एक संत्रं उचलून विकणाऱ्या बाईला म्हणालो, "हे तर हिरवं आहे, कच्चं दिसतंय."

"सालीवरून वळखता काय जी?" ती म्हणाली. "पुन्याचे काय तुमी?"

पुण्याची अब्रू राखायची म्हणून मी तिथंच उभ्यानं चौदा संत्री खाल्ली. साल हिरवी आणि आत साखर. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या पोटानं या पराक्रमाचा सविस्तर हिशेब घेतला, तो इथं देत नाही.

दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच नोकरी करतात. बैठी इमारत, पुढं कडुनिंब, मागं ओसरी. ओसरीत एका सुतळीवर रबरी हातमोजे वाळत घातले होते. पाचही बोटं खाली लोंबत होती. मी कौतुकानं पाहतोय असं वाटून सिस्टर पुढं आल्या. वानखेडे सिस्टर पांढुर्ण्याच्याच, दवाखाना खरा त्यांच्याच जिवावर चाले.

"धुवायचे, वाळवायचे, पावडर लावायची, पुन्हा वापरायचे," त्या म्हणाल्या. "नवा जोड आमच्या डॉक्टरसाहेबांचा. त्याले एखादं भोक पडलं की माह्या हाताले. माह्याकडं फाटला की पंचफुलाकडं."

थोरल्या भावाचे कपडे धाकट्याकडं उतरावेत तसे त्या दवाखान्यात हातमोजे उतरत होते. पंचफुला कोण, हे मी विचारलं नाही. शेवटच्या जोडाला बोटं तरी किती उरत असतील, हेही नाही. मला ती तुलना सुचल्याचाच आनंद झाला होता. ती वहीत टिपून घेतली.

दुपारी व्याख्यान. खिडकीवर घोंगडी टांगून अंधार केला. डॉक्टर जबलपूरकडचे, तरुण, हिंदी बोलणारे. सिस्टर, कंपाउंडर आणि खेड्यांतून फिरणारे चार कार्यकर्ते बाकांवर बसले. दाराशी पन्नाशीची एक बाई फडकं हातात घेऊन उभी राहिली. निळं लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. माझ्या प्रश्नपत्रिकेत डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर आणि कार्यकर्ता एवढेच रकाने होते. या बाईला रकाना नव्हता. म्हणून मी अगदी मायेनं म्हणालो, "बाई, तुम्हाला हे कंटाळवाणं होईल. तेवढा सगळ्यांना चहा टाका ना."

"आयकते ना जी मी बी," ती म्हणाली.

"नको, नको. आणि साखर बेताची."

ती पंचफुलाबाई. रोग्यांचं रक्त, ओकारी आणि घाण पुसणारी त्या दवाखान्यातली एकटी बाई. तिच्या पाठीमागं दार लागलं आणि मी पहिली स्लाइड लावली.

व्याख्यान छान झालं, हे मुद्दाम सांगायला हवं. स्लाइडी परदेशी संचातल्या होत्या. काळ्याभोर माणसांचा दवाखाना, तोंडाला फडकं बांधलेले डॉक्टर, मातीत पुरलेली गादी. मी आवाज खाली आणत गेलो. कार्यकर्त्यांपैकी एक जण तर बाकावर पाय वर घेऊन बसला. एकोणिसाव्या स्लाइडीवर लिहिलं होतं की रोग्याच्या रक्ताशी ज्याचा संबंध आला त्यानं एकवीस दिवस घरच्यांपासून दूर राहावं. मी ते तीनदा म्हणालो, एकवीस, एकवीस, एकवीस. विसावी स्लाइड आमच्या साहेबांनी स्वतः लिहून शेवटी जोडली होती, मी ती अजून वाचलेली नव्हती. ती लावणार एवढ्यात दार उघडलं आणि चहा आला.

"चाय गरम ही अच्छी लगती है," डॉक्टर म्हणाले.

मी यंत्राचा दिवा बंद केला. एका स्लाइडीनं काय होतं!

चहात आलं होतं आणि साखर बेताची होती. चहा पिता पिता प्रश्नपत्रिका भरल्या गेल्या. सातही जणांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली, कारण सिस्टरांनी लिहिलं तेच बाकीच्यांनी उतरवलं. 'रक्ताची भीती वाटते का' या प्रश्नाला सगळ्यांचं 'नाही'. मी कारण विचारलं तेव्हा उत्तर कपबश्या गोळा करणाऱ्या पंचफुलाबाईनं दिलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या ना इथं. गोटमार असते आमची. नदीच्या दोन्ही काठांनं गोटे मारतेत एकमेकांले. डोस्की फुटलेली मानसं येत रायतेत दिवसभर. ओसरी धुता धुता पानी लाल होऊन जाते. रक्ताले कितीक भ्याचं?"

सगळे हसले. मीही हसलो. गावात वर्षातून एकदा खेळ म्हणून डोकी फुटतात आणि दवाखाना रक्ताला सरावतो. ही माझ्या अभ्यासाची सगळ्यात महत्त्वाची माहिती होती. ती ज्या बाईनं दिली, तिचं नाव माझ्या गठ्ठ्यात कुठंच नव्हतं.

पांढुर्णा, दुसरा दिवस

सकाळी दहाच्या सुमाराला बैलगाडीतून एका संत्र्याच्या बागेचा राखणदार आणला. पाच दिवसांचा ताप. अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त. त्याची बायको सोबत होती. ती पदरानं त्याचं तोंड पुसायची आणि पदर उलटा घ्यायची.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. सिस्टरांनीही पाहिलं. मी डॉक्टरसाहेब होतो ना! मी माझ्या यंत्राच्या पेटीमागं जाऊन उभा राहिलो आणि कुलूप नीट लागलं आहे का ते पाहू लागलो.

डॉक्टर घाबरले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. त्यांनी सलाइन लावलं आणि रक्ताचा नमुना बर्फात घालून कंपाउंडरला नागपूरच्या गाडीत बसवलं. तिथून तो पुण्याला जायचा होता. तेवढ्यात राखणदाराला रक्ताची उलटी झाली. सिस्टर मागं सरल्या. एकवीस, एकवीस त्यांच्या कानात असणारच. पुढं झाली ती पंचफुलाबाई. तिनं त्याचं डोकं आपल्या दंडावर घेतलं, दुसऱ्या हातानं उलटीचं भांडं धरलं. हातात तिसऱ्या उतरणीचे मोजे होते. उजव्याची दोन बोटं टोकाशी उघडी होती आणि त्यातल्या एका बोटाची चिंधी लाल होत होती.

मी दारातून ओरडलो, "बाई, हात लावू नका!"

तिनं वळूनही पाहिलं नाही. "मंग कोन लावन?"

माणूस दुपारी तीनला गेला. पंचफुलाबाईनं त्याचं तोंड पुसलं, डोळे मिटले, फरशी धुतली, मोजे धुतले आणि सुतळीवर वाळत टाकले.

पांढुर्णा, तिसरा दिवस

सकाळी मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात पोहे खात होतो. तर्रीचे, डोळ्यांत पाणी आणणारे. पंचफुलाबाई पायरीखाली येऊन उभी राहिली. वर या म्हटलं तर आली नाही.

"सिस्टर म्हनते, तुमी काई एकवीस दिवस सांगून रायले होते काल-परवा."

मी सांगितलं. जितक्या ऐटीत व्याख्यान दिलं तितक्याच ऐटीत सांगितलं.

तिनं बोटाची चिंधी सोडून दाखवली. विळीवर कापलेलं, ओलंच होतं. "ह्याच्यातून गेलं असन काय?"

"जाऊ शकतं."

"माही पोरगी सुजाता सौंसरले देली हाय. पयलं बाळंतपन हाय तिचं. परवा घेऊन येनार होती मी तिले. पयलं माहेरीच करतेत आमच्यात."

"आमच्यातही," मी म्हणालो. कुठं साम्य दिसलं की मला बोलायला बरं वाटतं.

"दिवस भरत आले तिचे. एकवीस दिवस म्हनजे..." ती अंगठा पेरांवरून फिरवत राहिली आणि मग थांबली. "मंग तं होऊन जाईन बाळंत. नक्की सांगता ना जी? एकवीसच?"

मला ठाऊक नव्हतं. तो ताप कोणता, तो असा लागतो की नाही, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "छापलेलं आहे, बाई."

ती छापलेल्याला मान देणारी होती. मी दुसऱ्या दिवशी सौंसरला जाणार हे तिला माहीत होतं. तिनं निरोप दिला: येऊ नको, सासरीच राहा, मी बी येत नाही. सोबत एक गाठोडंही आणलं होतं, जुन्या लुगड्यांची मऊ बाळुती. ते माझ्याकडं करता करता तिनं हात मागं घेतला.

"माह्या हाताचं हाय," ती म्हणाली, आणि गाठोडं घेऊन परत गेली.

त्या तीन दिवसांत माझं व्याख्यान खरं मानून वागलेलं ते एकच माणूस. आणि तिनं ते ऐकलंही नव्हतं.

सौंसर

पांढुर्णा ते सौंसर मोटारीचा रस्ता सुरेख आहे. एका अंगाला संत्र्यांच्या बागा, दुसऱ्या अंगाला फुटलेला कापूस, आणि वेचणाऱ्या बायांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या फुगत चाललेल्या. माझ्या शेजारचे शेतकरी गृहस्थ अर्धं वाक्य हिंदीत नि अर्धं मराठीत बोलत होते, आणि कुठल्या अर्ध्याला मान डोलवायची हे मला कळत नव्हतं. दोनदा चुकीच्या जागी हसलो. ते त्यांच्या म्हशीच्या मरणाबद्दल सांगत होते.

सुजाताचं घर सापडायला वेळ लागला नाही. जावई नगरपालिकेत कामाला. चुन्यानं निळसर रंगवलेली भिंत, बुद्धाची तसबीर, खाली पत्र्याची पेटी. ती पेटी भरून तयार होती. सुजाता विशीतली, पोटाचा भार सांभाळत लगबगीनं पुढं आली. पांढुर्ण्याहून कुणी आलंय म्हणजे न्यायलाच आलंय, असा तिचा चेहरा होता.

निरोप कसा सांगावा याचं काही शास्त्र असेल तर मी त्याच्या बरोबर उलट वागलो. कारण आधी सांगायचं सोडून म्हणालो, "आईंनी सांगितलंय, येऊ नको."

सासू चुलीपुढून उठली. "काहून?"

मी ताप सांगितला, राखणदार सांगितला, एकवीस दिवस सांगितले.

"तिले झाला काय ताप?"

"नाही."

"मंग?"

"होऊ शकतो."

"होऊ शकते म्हनून पोटची पोरगी नोको?" सासू म्हणाली. "पयलं बाळंतपन हाय बाप्पा! आमी काई नाही म्हनत नाही, करू आमी. पन लोक काय म्हनन, मायले जड झाली काय पोरगी?"

 सुजाता पेटीपाशी खाली बसली आणि लुगडी एकेक करून बाहेर काढून फळीवर ठेवू लागली. सगळ्यात खाली तिनं आईसाठी घेतलेली काचेच्या बांगड्यांची जोडी होती. ती तिनं पेटीतच राहू दिली आणि झाकण लावलं.

त्यांनी मला न जेवता जाऊ दिलं नाही. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. पुण्यात भरितात दही घालून आपण वांग्याला गप्प करतो. इथं मिरची त्याला बोलतं ठेवते. मी तीन भाकरी खाल्ल्या. काय बोलावं ते सुचत नसलं की मी खातो.

संध्याकाळी सौंसरच्या दवाखान्यात व्याख्यान होतं. या वेळी मी शहाणा झालो होतो. झाडणाऱ्या बाईला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवलं आणि चहाला मनाई केली. त्यामुळं विसावी स्लाइड लागली. साहेबांचं टपोरं अक्षर भिंतीवर उमटलं आणि मी ते मोठ्यानं वाचलं: 'आपल्या भागात असा ताप बहुधा डासामुळं येतो. डासाचा ताप रोग्याला हात लावून पसरत नाही. त्याच्या माणसांना दूर ठेवू नये.'

मी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. झाडणारी बाई म्हणाली, "वाचा ना जी पुढं." पुढं काही नव्हतं.

सुजाताचं घर तिथून चार गल्ल्यांवर. पांढुर्ण्याची पहिली मोटार सकाळी. परत जाऊन सांगता आलं असतं, की बाई, मी अर्धंच सांगितलं. बहुधा भ्यायचं कारण नाही, डॉक्टरांना विचारा. पण 'बहुधा' म्हणजे नक्की नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुण्याहून तपासणीचं उत्तर येईलच. शिवाय माझं नागपूरहून पुण्याचं रिझर्व्हेशन होतं. आणि खरं सांगायचं तर, सिस्टरांपुढं जाऊन 'एक स्लाइड राहिली होती' म्हणायची मला लाज वाटली. मी नागपूरची मोटार धरली.

पुन्हा पांढुर्णा

माझा अहवाल छापून झाला. त्यात लिहिलं आहे की पाहणी केलेल्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांची जाणीव समाधानकारक आढळली. सात सारखी उत्तरं समाधानकारकच दिसतात.

राखणदाराच्या रक्ताचं उत्तर महिन्यानं आलं. ताप डासाचाच होता.

ते पत्र खिशात घालून मी स्वतःच्या रजेत पांढुर्ण्याला गेलो. थंडी पडली होती. या खेपेला संत्री पिवळी झाली होती, पण मी एकही घेतलं नाही. पंचफुलाबाई मागच्या ओसरीत मोजे वाळत घालत होती. तिला ताप आला नव्हता. बोटाची जखम भरून गेली होती. मी मुलीची चौकशी केली.

"चौदाव्या दिवशी झाली बाळंत, सौंसरलेच," ती मोज्याचं एकेक बोट सरळ करत म्हणाली. "पोरगी झाली. चांगली हाय. पन सुजाताचं रक्त गेलं लय. घरच्यायले वाटलं, जातेच इतलं. सकाळपासून दुपारपावतर वाट पायली त्यायनं. मंग जीपगाडीनं नागपूरले नेलं. जीव वाचला. पिशवी काढा लागली."

मी खिशातलं पत्र चाचपलं.

"मी असती तं पयल्याच फडक्यावरून सांगतलं असतं. मले समजते रक्त."

हे ती बढाई म्हणून सांगत नव्हती. एखादी बाई 'मला पीठ मळता येतं' म्हणते, तसं म्हणाली.

मी पत्र काढून वाचून दाखवलं. डासाचा ताप, हात लावून पसरत नाही. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं.

"म्हनजे ती आली असती तं चाललं असतं?"

"हो."

"हे तुमाले आता समजलं?"

इथं खोटं बोलायची सोय होती. पत्र हातात होतं, वर तारीख होती. का कोण जाणे, बोललो नाही. "नाही. शेवटच्या स्लाइडीवर होतं. मी दाखवली नाही."

"काहून?"

"चहा आला होता."

तिनं हातातला मोजा उलटा केला. त्याची दोन बोटं अजून तशीच उघडी होती.

"आमच्या बापजाद्यायले शिवू नोको म्हननारे लय होऊन गेले, सायेब," ती म्हणाली. "माह्या पोरीले तसं म्हननारी मी पयली. अजून नात पायली नाही मी. आनत नाही सुजाता. म्हनते, आता तुले भेव नाही लागत काय?"

कडुनिंबाची पानं ओसरीत पडत होती. मला काहीतरी करायचं होतं. माणसानं चूक केली की त्याला लगेच उपयोगी पडायची घाई होते. मी म्हणालो, यंत्र आणलं आहे, स्लाइडी आणल्या आहेत, आज फक्त तुमच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून दाखवतो, अगदी विसावीपर्यंत. सिस्टरांना, कंपाउंडरला, सगळ्यांना बोलावतो. तुम्ही पुढं बसा.

तिनं मोजा सुतळीवर टाकला, हात पदराला पुसले आणि खोलीच्या दाराशी जाऊन थांबली.

"बलावा सगळ्यायले," पंचफुलाबाई म्हणाली. "सांगाचं काय ते मी सांगते. तुमी जाऊन चाय टाका. आन् साखर बेताची."